तान्ह्या बाळाचा मेंदू आणि वडिलांचा सहवास

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन साधारणपणे ३५० ते ४०० ग्रॅम असते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते आणि दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत ते प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते. जन्मानंतरच्या आयुष्यात हा अवयव पुन्हा कधीही या वेगाने वाढत नाही. मराठी कुटुंबात मात्र नेमक्या याच काळात वडील बाळापासून सर्वांत दूर असतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे अनेकदा हे अंतर दोन गावांमधले असते, आणि जेथे बाळ-बाळंतीण एकाच घरात असतात तेथेही ‘अजून मान धरत नाही, तुम्ही घेऊ नका’ या सावध सूचनेने ते टिकून राहते. बाळ बसू लागले, खेळू लागले, बोबडे बोलू लागले की वडिलांचे काम सुरू होते, असा या व्यवस्थेमागचा समज आहे. गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील संशोधन या समजाविरुद्ध साक्ष देते. वडिलांची बाळाशी असलेली जवळीक नात्याने आपोआप मिळत नाही. बाळाचे रोजचे काम हाताने करण्यातून ती घडते, आणि ज्या कामातून ती घडते त्याच कामातून बाळाच्या मेंदूलाही आकार येतो, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा आधार समजण्यासाठी मेंदूच्या वाढीचे स्वरूप आधी पाहावे लागते. मेंदूतील संदेश वाहून नेणाऱ्या पेशींना चेतापेशी म्हणतात. त्यांपैकी बहुतेक बाळाच्या जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर वाढतात त्या मुख्यतः त्यांच्यातील जोडण्या. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश ज्या अतिसूक्ष्म जागी पार होतो तिला चेतासंधी असे नाव आहे. शिकागो येथील बालमेंदूविकारतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी १९७०च्या दशकापासून निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील चेतासंधी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याचे अत्यंत चिकाटीचे काम केले, आणि त्यातून असे दिसले की दृष्टीशी निगडित भागात त्यांची घनता आठव्या महिन्याच्या सुमारास शिगेला पोचते व पुढे कित्येक वर्षे उतरत जाते. दाट पेरलेल्या शेतात जशी विरळणी करावी लागते तशीच ही प्रक्रिया आहे. फरक इतकाच की येथे कोणत्या जोडण्या राखायच्या हे बाळाचा रोजचा अनुभव ठरवतो. ज्या मार्गांवरून संदेश वारंवार जातात ते टिकतात, त्यांतील लांब तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढते व संदेशाची गती वाढते. जे मार्ग वापरात येत नाहीत ते क्षीण होत जातात.

अनुभवाने होणाऱ्या या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण भारतीय भाषांच्याच ध्वनींतून मिळालेले आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. हा भेद मराठीतही आहे आणि प्रत्येक मराठी मूल तो सहज करते. इंग्रजीभाषक प्रौढांना मात्र तो ऐकू येणे कठीण जाते. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बाळांना तो स्पष्ट कळत होता आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत त्यांच्यातील बहुतेकांची ती क्षमता मावळलेली होती, तर हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांमध्ये ती शाबूत होती. याचा अर्थ असा की, पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी बाळाचा कान घरातल्या भाषेसाठी घडलेला असतो. ‘त्याला आत्ता काय कळतंय’ या घरोघर ऐकू येणाऱ्या वाक्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

भाषा नुसती कानावर पडणे पुरेसे असते काय, या प्रश्नाचे उत्तर सिअ‍ॅटल येथील पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दिले. त्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांच्या एका गटाशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींना बारा वेळा प्रत्यक्ष खेळायला व बोलायला लावले, तर इतर गटांना तोच मजकूर दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून ऐकवला. प्रत्यक्ष माणसाच्या सहवासातील बाळांनी चिनी ध्वनींतील भेद आत्मसात केला. पडद्यासमोरच्या आणि ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बाळांनी काहीही आत्मसात केले नाही. बाळाच्या मेंदूला लागते ती प्रतिसाद देणारी व्यक्ती. बाळ हुंकार देते, समोरचे माणूस त्याच्याकडे पाहून उत्तर देते, बाळ पुन्हा हातपाय हलवून काही ‘बोलते’, ही देवघेव म्हणजेच साद-प्रतिसाद हा आरंभीच्या मेंदूविकासाचा खरा व्यवहार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७०च्या दशकातील प्रयोगांत आईने दोन-तीन मिनिटे आपला चेहरा निर्विकार ठेवला तरी काही महिन्यांचे बाळ आधी तिला हसवू पाहते, मग अस्वस्थ होते आणि शेवटी तोंड फिरवते असे दिसले. ही देवघेव वर्षानुवर्षे नाकारली गेली तर काय होते याचे दुःखद चित्र रोमानियातील अनाथालयांत आढळले. २०००च्या सुमारास बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या अभ्यासात अशा संस्थांतील १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकावी त्या पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची बौद्धिक प्रगती चांगली झाली, आणि ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळाले त्यांची विशेष चांगली झाली.

ही प्रतिसाद देणारी व्यक्ती आईच असली पाहिजे, असे विज्ञानानेही दीर्घकाळ गृहीत धरले. मुळात बालमनाच्या अभ्यासाचा पाया अनेक ठिकाणी वडिलांनीच घातलेला आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची टिपणे ठेवली आणि १८७७ मध्ये ती प्रसिद्ध केली. जीन पियाजे यांचे तान्ह्या मुलांविषयीचे सिद्धांत त्यांच्या स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणावर उभे आहेत. आणि वकिली करणारे गिजुभाई बधेका १९१३ साली मुलगा झाल्यानंतर बालशिक्षणाकडे वळले, पुढे ताराबाई मोडक यांच्यासह त्यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला, आणि महाराष्ट्रातील बालवाडीची चळवळ त्यातून वाढली. असे असूनही जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रभावी ग्रंथात लहान बाळाच्या संदर्भात वडिलांचे महत्त्व मुख्यतः आईला आर्थिक व भावनिक आधार देण्यापुरते मानले गेले. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगो येथील ६० बाळांचा पाठपुरावा करून १९६४ मध्ये दाखवले की दीड वर्षाच्या वयापर्यंत सुमारे तीनचतुर्थांश बाळांची वडिलांशीही गाढ ओढ जुळलेली असते, आणि ही ओढ दूध पाजणाऱ्यापेक्षा प्रतिसाद देणाऱ्याकडे जाते. तरीही मायकेल लॅम्ब यांना १९७५ साली वडिलांचे वर्णन बालविकासातील विस्मृतीत गेलेले वाटेकरी असे करावे लागले.

आई आणि वडील यांच्या आरंभबिंदूंत फरक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. गर्भ सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू लागतो आणि तेव्हापासून आईचा आवाज त्याच्या सोबत असतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी १९८० मध्ये सिद्ध केले की नवजात बाळ परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते. त्याच धर्तीवर वडिलांच्या आवाजाची परीक्षा १९८४ मध्ये झाली तेव्हा अशी पसंती दिसली नाही, मात्र दोन पुरुषांच्या आवाजांतील फरक बाळांना कळत होता. या निष्कर्षाने एखाद्या वडिलांनी हिरमुसण्याचे कारण नाही. आईला जी ओळख नऊ महिन्यांत मिळते ती वडिलांना जन्मानंतर मिळवावी लागते, आणि ती मिळवण्याची तयारी बाळाच्या बाजूने पूर्ण असते. म्हणूनच पहिले तीन महिने हातचे गेले तर ओळखीची सुरुवातच तीन महिने लांबते.

वडिलांच्या बाजूची तयारी हा गेल्या पंधरा वर्षांतील संशोधनाचा सर्वांत आश्वासक भाग आहे. फिलिपाइन्समधील सेबू येथे ६२४ तरुण पुरुषांचा काही वर्षे पाठपुरावा करून ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे नोंदवले की, वडील झालेल्या पुरुषांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची, म्हणजे शरीरात स्रवणाऱ्या नियंत्रक रसायनाची, पातळी लक्षणीय उतरते आणि दिवसाला तीन किंवा अधिक तास मुलाचे करणाऱ्या वडिलांमध्ये ती सर्वांत कमी असते. इस्रायलमधील रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये ८९ नव्या पालकांच्या मेंदूचे चित्रण केले. त्यात मुलाची मुख्य जबाबदारी असलेल्या आया होत्या, त्यांना साहाय्य करणारे वडील होते, आणि आईविना मूल वाढवणाऱ्या समलिंगी जोडप्यांतील वडीलही होते. बाळाच्या सुखदुःखाची तातडीने दखल घेणारा अमिग्डाला हा मेंदूच्या खोल भागातील बदामाएवढा अवयव मुख्य जबाबदारी पेलणाऱ्या वडिलांमध्ये आयांइतकाच सक्रिय होता. आणि या भागाची दुसऱ्याचे मन ओळखणाऱ्या भागाशी असलेली जोडणी सर्वच वडिलांमध्ये प्रत्यक्ष संगोपनात घालवलेल्या वेळेच्या प्रमाणात दृढ होती. स्पेन आणि कॅलिफोर्निया येथील पहिलटकर वडिलांच्या २०२२ मधील अभ्यासातही बाळाच्या जन्मानंतर त्यांच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सूक्ष्म बदल झालेले आढळले. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण मुळात मायाळू असलेला पुरुष अधिक वेळ देत असण्याचीही शक्यता राहते. परंतु सर्व पुरावा एकाच दिशेने जातो. ‘पुरुषाला ते जमत नाही’ हे विधान न केलेल्या कामाविषयीचे आहे, पुरुषाच्या घडणीविषयीचे नाही.

हे काम म्हणजे नेमके काय, याचे उत्तर साधे आहे, आणि तेथेच अनेक सुशिक्षित वडिलांची गफलत होते. त्यांना बाळासाठी काही विशेष करायचे असते: काळ्यापांढऱ्या चित्रांचे संच, बुद्धिवर्धक म्हणून विकली जाणारी खेळणी, पाळण्याशेजारी अभिजात संगीत. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते हा समज १९९३ सालच्या ज्या प्रयोगावरून पसरला तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेला होता आणि त्यातला परिणाम काही मिनिटांपुरता होता. तान्ह्या बाळांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. बाळाला लागणारे सारे घरात आहे. दुपटे बदलणे, न्हाऊ-माखू घालणे, दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, रात्रीच्या जागरणाची एक पाळी घेणे, मांडीवर निजवणे ही दिवसातून अनेकदा येणारी कामेच साद-प्रतिसादाच्या उत्तम संधी आहेत. नवजाताला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे स्पष्ट दिसते, आणि दुपटे बदलताना वाकलेल्या माणसाचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर येतो. त्या वेळी ‘आता आपण झबलं घालू या, हा उजवा हात, हा डावा’ असे संथ, चढउताराच्या स्वरात बोलले, मग थांबून बाळाच्या हुंकाराला वाट करून दिली आणि त्याला उत्तर दिले, की मेंदूविकासाचे कार्य झाले. शब्द मोडून बोबडे करण्याची गरज नसते, पण स्वर लांबवून गोड बोलण्याचा संकोचही वडिलांनी बाळगू नये. बाळे असे बोलणे अधिक लक्ष देऊन ऐकतात. दोन्ही पालक नोकरी करणाऱ्या अमेरिकन कुटुंबांच्या २००६ मधील एका अभ्यासात तर मूल दोन वर्षांचे असताना खेळताना वडिलांनी वापरलेल्या शब्दांच्या विविधतेवरून तिसऱ्या वर्षीच्या त्याच्या भाषेचा अंदाज बांधता आला.

कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वडिलांची छाती हेही उपचाराचे साधन ठरते. बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास ठेवण्याची कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाले. सिझेरियननंतर आई शस्त्रक्रियेतून सावरत असताना ही जागा वडील घेऊ शकतात. बाळ दगावण्याच्या भीतीने ज्यांना दाराबाहेर उभे केले जाते त्यांनाच बाळ तगवण्याच्या कामी लावणे, हा बदल प्रत्येक प्रसूतिगृहाने मनावर घ्यावा असा आहे.

खेळाच्या बाबतीत वडिलांचा ढंग अनेक समाजांत निराळा दिसतो. तो अधिक अंगचटीचा, अनपेक्षित वळणांचा असतो, आणि मूल जसे मोठे होते तसे त्याला उत्तेजित होऊन पुन्हा शांत होण्याचा सराव त्यातून मिळतो. पण तान्हेपणी येथे एक कठोर मर्यादा आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि मान कमकुवत असते. जोरात हलवल्यास मेंदू कवटीत हिंदकळतो, त्याच्या आवरणातील नसा फाटतात आणि रक्तस्राव होऊन अंधत्व, अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवू शकतो. अशी इजा बहुधा खेळातून होत नाही, ती रडणे न थांबल्याने संतापलेल्या मोठ्या माणसाच्या हातून होते. बाळाचे रडणे पहिल्या आठवड्यांत वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते, हे प्रत्येक नव्या वडिलांना आधीच ठाऊक असायला हवे. सर्व उपाय थकले आणि राग अनावर होऊ लागला, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर निजवून काही मिनिटे बाजूला होणे व दुसऱ्या कुणाला बोलावणे यात कोणताही कमीपणा नाही.

मेंदूला उत्तेजनाइतकीच पोषणाची आणि शांततेची गरज असते, आणि तेथे वडिलांचा वाटा आईच्या द्वारे पोचतो. लोह आणि आयोडीन यांची कमतरता वाढत्या मेंदूला थेट इजा करते. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आहेत. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घरोघर होतात, परंतु बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या वेळेवर आणणे आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवण्याची तिच्यावरची वेळ टाळणे ही कामे कुणाच्या नावावर नसतात. ती वडिलांनी आपल्या नावावर घ्यावीत. पहिले सहा महिने केवळ स्तनपान चालावे, मध चाटवणे किंवा बाळगुटी देणे थांबावे, यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांशी नम्रपणे पण ठामपणे बोलणे सुनेपेक्षा मुलाला सोपे असते. घरात धूम्रपान नको आणि बाळासमोर भांडणही नको, कारण सततच्या तणावाने बाळाच्या शरीरात वाढणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक मेंदूच्या घडणीत अडथळा आणते.

वडील स्वतः खचलेले असू शकतात, हा विषय मराठी घरांत अद्याप उच्चारला जात नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये काढलेल्या अनुमानानुसार बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के वडिलांना नैराश्याने ग्रासलेले असते. ब्रिटनमध्ये पॉल रामचंदानी आणि सहकाऱ्यांनी हजारो कुटुंबांची माहिती तपासून २००५ मध्ये दाखवले की, बाळ आठ आठवड्यांचे असताना ज्यांचे वडील नैराश्यात होते त्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वर्तनाच्या अडचणी अधिक आढळल्या. झोप उडणे, चिडचिड, घरी येणे टाळणे, व्यसन वाढणे ही पुरुषांतील नैराश्याची रूपे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. वडिलांनी डॉक्टरांकडे जाणे हाही बाळाच्या संगोपनाचाच भाग आहे.

पोटासाठी दूर असणाऱ्या वडिलांचा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे. कोकणातल्या चाकरमान्यांच्या पिढ्या मुंबईत राबल्या, आज अनेक वडील आखातात किंवा बोटीवर असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, परंतु नातेवाइकांशी प्रसंगी होणारे व्हिडिओ संभाषण त्यास अपवाद आहे. बाळाजवळच्या माणसाने त्याचे लक्ष वेधले आणि पलीकडच्या वडिलांनी बाळाच्या प्रत्येक हालचालीला त्याच क्षणी उत्तर दिले, तर ही भेट निष्फळ नसते. तरीही सुटी मिळताच प्रत्यक्ष येऊन बाळ हातात घेण्याला पर्याय नाही, आणि पत्नी माहेरी असताना जावयाने सासुरवाडीला पाहुण्यासारखे बसून न राहता बाळाचे करावे, हे दोन्हीकडच्या मंडळींनी सहज मानले पाहिजे.

सुटीच्या बाबतीत कायदा मागे आहे. १९७४ साली स्वीडनने आई-वडील दोघांना सशुल्क पालकत्व रजेचा हक्क दिला. आज तेथील ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात आणि ते दुसऱ्याला देता येत नाहीत. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने आईची सशुल्क रजा २६ आठवडे झाली, तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, आणि खासगी नोकरीतील वडिलांसाठी कायद्याने सक्तीची रजाच नाही. हा कायदा बदलला पाहिजे, आणि तोवर मालकांनी स्वतःहून एक महिन्याची तरी रजा द्यावी.

कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम मात्र आजच हाती आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना शिकवून घरोघर नवजाताची काळजी पोचवली आणि तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. त्याच विचारावर उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. या सहाही दिवशी बाळाच्या वडिलांनी घरी थांबावे, आशाताईंनी बाळ त्यांच्या हातात द्यावे आणि प्रत्येक सूचना आईबरोबर त्यांनाही सांगावी, एवढी विनंती या व्यासपीठावरून आरोग्य विभागाला आणि महाराष्ट्रातील प्रत्येक नव्या वडिलांना आहे.